चौकटीबाहेर राहिलेला दशावतार

लोककलेचे चित्रीकरण झाले म्हणजे तिचे जतन झाले, असे आपण सहजपणे गृहीत धरतो. पेडणे-डिचोली भागात रंगणारे दशावतारी दहीकाले आता चित्रफितींच्या रूपाने घरोघरी पोहोचले आहेत. या चित्रफितींतून नेमके काय जतन होते, याचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही.

1788 साली पेडणे पोर्तुगीज अंमलाखाली गेले, तरी तेरेखोल नदीपलीकडच्या सावंतवाडी मुलखाशी असलेले आपले सांस्कृतिक नाते तुटले नाही. मोचेमाडकर, पार्सेकर यांसारख्या मंडळींची नावे उभयतीरी सारख्याच आपुलकीने घेतली जातात. गणपती, ऋद्धिसिद्धी, मोरावर आरूढ झालेली सरस्वती, वेद पळविणारा संकासुर आणि त्याचा वध करणारा विष्णू हा पूर्वरंग. त्यानंतर आख्यान आणि पहाटे दहीहंडी, असा या रात्रीचा क्रम असतो. आख्यानाला लिखित संहिता नसते. नेपथ्य म्हणजे एक बाकडे. संवाद जागच्या जागी सुचतात, आणि त्यांना आधार असतो तो पेटीवरच्या बुवांचा, मृदंगाचा आणि झांजेचा. नटाचे वाक्य कोठे संपणार आणि पद कोठे उचलले जाणार, हे बुवांना त्याच्या चेहऱ्यावरून कळते.

बहुतेक चित्रफितींत नेमका हाच व्यवहार गळालेला असतो. कॅमेरा राजाच्या मुकुटावर आणि स्त्रीपार्टी नटाच्या शालूवर खिळलेला असतो. वादकांचा नाद ऐकू येतो, पण त्यांचे हात दिसत नाहीत. रात्रभराच्या प्रयोगातून युद्धाचे प्रवेश आणि दोन-चार पदे तेवढी निवडली जातात. प्रेक्षक तर चौकटीत येतच नाहीत.

या संदर्भात अमेरिकेतील एक उदाहरण उद्‌बोधक ठरावे. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातील कृष्णवर्णीय गायक गिटारच्या साथीने ‘ब्लूज’ नावाची दुःखगीते गात. त्यांतील चार्ली पॅटन 1934 साली आणि रॉबर्ट जॉन्सन 1938 साली निवर्तले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत, पण वादन दाखविणारे चलच्चित्र नाही. सन हाउस यांनी 1930 साली आणि स्किप जेम्स यांनी 1931 साली मुद्रिका दिल्या, पुढे दोघेही विस्मृतीत गेले आणि 1964 साली पुन्हा प्रकाशात आले. 1966 साली न्यूपोर्ट येथे लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी त्यांचे चित्रीकरण केले. त्यासाठी त्यांनी गावाकडच्या गुत्त्यासारखी जागा उभारून समोर श्रोते बसविले. जागा कृत्रिम होती, हे खरे. परंतु मद्याच्या अमलाखाली मध्येच बोलणाऱ्या सन हाउस यांना हाउलिन वुल्फ हा गायक सर्वांसमक्ष सुनावतो, तो प्रसंगही या चित्रणात राहिला आहे. नीटनेटकेपणाच्या हौसेने तो कोणीही कापला असता. तो राहिला म्हणूनच हे गाणे कोणत्या माणसांत आणि कोणत्या नात्यांत वाढले, ते आपल्याला दिसते.

2025 साली प्रदर्शित झालेल्या ‘दशावतार’ या चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांनी वृद्ध दशावतारी कलावंत साकारला. त्यामुळे या कलेकडे दूरदूरच्या मराठी प्रेक्षकांचे लक्ष वेधले गेले, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि, तो कथापट आहे. त्याच्याकडून दस्तऐवजाची अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. ते काम आपले आहे.

त्यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. एक कॅमेरा वादकांसमोर स्थिर ठेवावा, एक प्रेक्षकांच्या मागे असावा, आणि पूर्वरंगापासून दहीहंडीपर्यंत प्रयोग न कापता जपावा. रंगपटात नट स्वतःचा चेहरा रंगवितो, तेही टिपावे. सन हाउस आणि स्किप जेम्स चित्रित झाले ते उतारवयात. त्यांचे तारुण्यातील वादन पाहण्याची संधी जगाने कायमची गमावली. आपल्याकडे ज्यांच्या बोटांत रात्रभराची आख्याने साठलेली आहेत असे बुवा अद्याप पेटीवर बसतात. त्यांच्याकडे कॅमेरा वळविण्यास यंदाच्या जत्रांपासूनच आरंभ व्हावा.