मंचावर न आलेली चाल

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या आधी, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका चर्चच्या आवारात सलग तीन संध्याकाळी स्थानिक ख्रिस्ती कलाकारांचे कार्यक्रम झाले. पहिल्या दिवशी तरुणांचा बँड, दुसऱ्या दिवशी हार्मोनियम-तबल्यावर एकल गायन आणि तिसऱ्या दिवशी गावाकडच्या भजनी मंडळ्या. मी तिन्ही दिवस वही घेऊन मागच्या रांगेत होतो. माझी एम.एस्सी. भौतिकशास्त्रातली, त्यामुळे गाणं ऐकतानाही हात आधी मोजायला जातो. या लेखात त्या कार्यक्रमांबद्दल माझं मत सांगतो. शिवाय ते मत बनवताना मी कुठं चुकलो, तेही सांगतो. संशोधनाची तयारी करताना तुम्हाला दुसरा भाग जास्त कामाचा ठरेल.

पहिल्या रात्री मी वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे लिहिलं ‘पाश्चात्त्य : कीबोर्ड, गिटार’. उजवीकडे ‘देशी : पेटी, ढोलक, झांज’. वर्गीकरण झालं म्हणून मी खूश. दुसऱ्या दिवशी पेटी वाजायला लागली आणि माझ्याच विषयानं माझी फजिती केली. हार्मोनियम हे मुळात युरोपातलं वाद्य आहे. १९व्या शतकात ते भारतात आलं, इथं हाताच्या भात्याचं झालं आणि मग कीर्तनात, नाटकात, चर्चमध्ये सगळीकडे रुळलं. त्याची स्वररचनाही सहसा कीबोर्डसारखीच, म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग. दोन्हींवरचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो. अशाच आक्षेपांमुळे १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती काही दशकं टिकली. म्हणजे ‘परके सूर’ हा आरोप कीबोर्डवर करायचा असेल तर तो पेटीवरही करावा लागतो. माझे दोन रकाने तिथंच संपले.

मग फरक कशात होता? मला तो लयीत सापडला. भजन सावकाश सुरू होतं. पुढं गाणारा ओळ म्हणतो, मागचे ती उचलतात, लय हळूहळू चढते आणि शेवटी झांज अशी काही पळते की मोजणाऱ्याची पेन्सिल मागं पडते. कीबोर्डमध्ये भरलेला तयार ताल हे करू देत नाही. बटण दाबलं की पहिल्या कडव्याची लय तीच शेवटच्या कडव्याची. बँडमधली मुलं सुरेल होती, तयारीही चोख होती, पण समोरचे लोक नुसते बसून ऐकत होते.

आणि अचानक वीज गेली. हे आपल्याकडे नवीन नाही. मुलं थांबली नाहीत. गिटार आणि टाळ्यांवर त्यांनी तेच गाणं पुढं नेलं, लय चढत गेली आणि मागच्या रांगेतल्या बायकाही गायला लागल्या. तीन दिवसांतलं सगळ्यात चांगलं गाणं मी त्या अंधारात ऐकलं. गाणारे तेच, गाणं तेच, फक्त तयार ताल गेला. तुम्ही म्हणाल, प्रयोग आपोआप झाला. पण जरा थांबा. अंधार होता, लोकांना गंमत वाटत होती, माइकही बंद होते. एकाच वेळी इतक्या गोष्टी बदलल्या की फरक कशामुळं पडला हे एका प्रसंगावरून सांगता येत नाही. अशा प्रसंगातून प्रश्न मिळतो, आणि तेवढाही पुष्कळ असतो.

एकल गायकाबद्दल माझं मत मिश्र आहे. त्यांनी नारायण वामन टिळकांची पदं निवडली होती आणि तिन्ही दिवसांत शब्द सगळ्यात स्वच्छ त्यांचेच ऐकू आले. टिळकांचा विदर्भाशी संबंध आहे. ते नागपुरात राहिले होते आणि १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशानं त्यांना ‘नवा करार’ दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं त्यांनी मराठी मंडळ्यांना उपासनेत गाता येतील अशी पुष्कळ गीतं लिहिली आणि अभंग, ओवी हे घाट जाणून वापरले. त्यांच्या आधीच अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाचा साचा ख्रिस्ती कथेसाठी घेतला होता. या सगळ्या रचनांत ऐकणाऱ्यांचा वाटा धरलेला असतो. ध्रुपद त्यांनी उचलायचं असतं. त्या संध्याकाळी गायक आलापात रमले, समोरच्यांचे ओठ हलत राहिले, पण त्यांना जागा मिळाली नाही. गाणं सुंदर झालं, पण घाट मोडला.

तिसऱ्या दिवशी चूक आयोजकांची होती, गाणाऱ्यांची नव्हती. प्रत्येक मंडळीला पाच मिनिटं दिली होती. बँडच्या गाण्याला तेवढी पुरतात, भजनाला पुरत नाहीत. लय चढायला लागली की सूत्रसंचालक उठून उभे राहायचे. दोन मंडळ्या तर ऐन रंगात आल्यावर थांबवल्या गेल्या. वेळ सगळ्यांना सारखा दिला, पण त्यात भजनाचं नुकसान झालं. निवेदनात गाणाऱ्यांची नावं, गावं आली. पद कोणाचं, चाल कोणाची, हे एकदाही आलं नाही.

त्या चालीवरूनच मला या लेखाचा खरा विषय मिळाला. एक पद सुरू असताना शेजारच्या आजी मान हलवत होत्या. मला वाटलं, दाद देताहेत. त्या म्हणाल्या, “बाबू, हे चाल आमच्या इकडची नाही ना.” मग पुटपुटल्यासारखं त्यांनी तेच पद वेगळ्या चालीत दोन ओळी म्हटलं. लगेच लाउडस्पीकरवर पुढच्या मंडळीचं नाव आलं आणि त्या गप्प झाल्या. माझ्या फोनवर तीन दिवसांचं रेकॉर्डिंग आहे. त्या दोन ओळी त्यात नाहीत, कारण तेव्हा फोन मंचाकडे रोखलेला होता.

हे नुकसान किती मोठं, ते समजायला जुनी मराठी गाण्यांची पुस्तकं उघडून बघा. त्यांत पदाच्या वर बहुतेक वेळा स्वरलिपी नसते. फक्त ‘चाल’ असं लिहून एखाद्या प्रसिद्ध गाण्याचे सुरुवातीचे शब्द दिलेले असतात. संगीत नाटकांच्या पुस्तकांत हे दिसतं आणि ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकांतही. छापणाऱ्याचा भरवसा असा की ते गाणं सगळ्यांना येतंच. शंभर वर्षांनी ते गाणं कोणालाच येत नसेल, तर पद छापील राहतं आणि मुकं होतं. शब्द ग्रंथालयात सापडतील, पण चाल अशा एखाद्या आजीच्या गळ्यातच सापडेल.

यवतमाळच्या बाबतीत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्याला हलेपर्यंत यवतमाळात होती आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून विद्यार्थी तिथं येत. जिल्ह्यात मराठीबरोबर गोंडी, कोलामी, बंजारा बोलल्या जातात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातून तुकडोजी महाराजांची खंजिरी सगळ्या विदर्भात पोचली. मग इथल्या ख्रिस्ती भजनाच्या चाली आल्या कुठून? अहमदनगरच्या परंपरेतून, सेमिनरीतून, की गावातल्याच खंजिरी भजनातून? तीन संध्याकाळच्या रेकॉर्डिंगवरून याचं उत्तर मी देऊ शकत नाही. मंचावर आले ते बोलावलेले लोक. ज्यांना माइकची सवय आहे, ज्यांचा आयोजकांशी परिचय आहे, तेच तिथं पोचतात. त्यांना जिल्ह्याचा नमुना मानणं म्हणजे बाजारात मांडलेली संत्री बघून बागेचा अंदाज बांधणं.

तुम्हाला अशा विषयावर काम करायचं असेल तर सुरुवात लहान ठेवा. एक पद निवडा आणि ते पाच गावांत, मंचाबाहेर, माणसं रोज गातात तिथं ऐका. रेकॉर्डिंगच्या आधी परवानगी घ्या आणि ते कुठं वापरणार हे स्पष्ट सांगा. प्रत्येकाला विचारा, ही चाल तुम्हाला कोणी शिकवली? सुरुवातीच्या आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटातले ठोके मोजा. दुप्पट केले की मिनिटाची लय मिळते, त्याला कुठलंही महाग सॉफ्टवेअर लागत नाही. ध्रुपद कोण उचलतं ते लिहा. आणि गाणं संपेपर्यंत थांबा, मग ते पंधरा मिनिटं चालो.

वर्गवारी शेवटी करा. मी ती पहिल्या रात्रीच केली आणि तिसऱ्या दिवशीपर्यंत फोन चुकीच्या दिशेला धरून बसलो. आजींचं गाव मी विचारून ठेवलंय. थंडी सरायच्या आत तिकडं जायचं आहे, आणि या वेळी वहीत रकाने नसतील.