'विस्तार' हा शब्द आम्हाला का खटकतो

मंडळी, आंतरराष्ट्रीय विकासकार्य म्हटलं की वाटतं, हे कुठंतरी आफ्रिकेत चालत असणार. इथं झरीत बसून त्याचा काय संबंध? पण परभणी जिल्ह्यात 'पोकरा' कुणाला ठाऊक नाही? कागदावर त्याचं नाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. (नानाजी कडोळीचे, गाव आता हिंगोलीत, तेव्हा आपल्याच जिल्ह्यात.) २०१८ मध्ये जागतिक बँकेने त्यासाठी ४२ कोटी डॉलर मंजूर केले. हे कर्ज आहे, देणगी नव्हे. तरी कागदावर शेतकरी कोण? 'लाभार्थी'. लाभार्थ्याला अर्ज करता येतो, उलट प्रश्न विचारायची सोय त्या शब्दात नाही.

ब्राझीलचे पाउलो फ्रेरी चिलीत निर्वासित असताना, १९६९ साली, त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय हाच: शेतीतला विस्तार की संवाद? तज्ज्ञाने ज्ञान 'पोहोचवायचं' म्हटलं की शेतकरी रिकामं भांडं ठरतो, हा त्यांचा आक्षेप. आपल्या कृषी विद्यापीठातही 'विस्तार शिक्षण' आहेच.

रुंद वरंबा सरीचंच घ्या. तंत्र उत्तम आहे. पाऊस कमी झाला तर सरीत ओल मुरते, जास्त झाला तर पाणी निघून जातं. पण ते सांगताना यंत्रापासून सुरुवात होते. बैलजोडीवाला कोळप्याला दोरी बांधून सरी पाडतो, त्यातही तोच विचार आहे. बोलणं तिथून का सुरू होऊ नये? आणि वाफसा! अहवालात त्याचा 'मातीतील ओलावा' होतो आणि अर्धा अर्थ गळतो. ढेकूळ हातात घेऊन आज पेरावं की थांबावं हे ठरवणं त्या शब्दात आहे.

फ्रेरींच्या भक्तांशी मात्र आमचं पटत नाही. शेतकऱ्याला सगळं कळतं, हेही खोटंच. गुलाबी बोंडअळीचं जीवनचक्र बांधावर उभं राहून कळत नाही, तिथं शास्त्रज्ञ लागतोच. त्याने सांगावं, पण ऐकूनही घ्यावं.

पोकरात गावाचं सूक्ष्म नियोजन झालं, ग्रामसमित्या झाल्या, हे मान्य. आमचा प्रश्न त्याआधीचा आहे. ठिबक, तुषार, शेततळं, शेडनेट ही यादी कुणी केली? यादी हातात देऊन यातलं काय हवं असं विचारणं याला आम्ही संवाद म्हणत नाही. अशा बैठकांना तुमच्यापैकी कुणी बसलं असेल, तर पुढे या आणि बोला. आम्ही खाली बसतो.