उठून जाण्याची मुभा

इचलकरंजीतल्या आमच्या गल्लीत दर मंगळवारी सकाळी सात वाजता मारुतीच्या देवळापुढे सतरंजी अंथरली जायची. यंत्रमागाच्या कांड्या भरणाऱ्या वीस-बावीस बाया ओळीने बसायच्या, मोटारसायकलवरून एक तरुण यायचा, पैसे मोजले जायचे, पासबुकांवर सह्या व्हायच्या. एका मंगळवारी एकीचा हप्ता आला नाही, तीही आली नाही. गटाच्या नियमाप्रमाणे बाकीच्यांना उठता येईना. नऊ वाजले, कामाची वेळ टळली. दोघी तिच्या घरी जाऊन हात हलवत परत आल्या. शेवटी दहा-दहा, वीस-वीस रुपये काढून सगळ्यांनी तो हप्ता भरला. माझ्या आईनेही वीस रुपये दिले, कारण आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई त्या ओळीत होती.

ती सतरंजी म्हणजे एका जागतिक कल्पनेचे शेवटचे टोक होते, हे मला फार नंतर कळले. गरिबांचे भले करणाऱ्या धंद्यात पैसे घालावेत, भलेही होईल आणि परतावाही मिळेल, अशी ती कल्पना. रॉकफेलर फाउंडेशनने 2007 साली इटलीतल्या बेलाजिओत भरवलेल्या बैठकीत तिला ‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग’ हे नाव मिळाले. या कल्पनेने स्वतःचे एक वाङ्मयही निर्माण केले आहे. त्यातली तीन पुस्तके गेल्या वर्षभरात मी पुन्हा वाचली, ती अर्थशास्त्र म्हणून नव्हे, तर गोष्टी म्हणून. मराठीच्या मास्तराला तेवढाच अधिकार.

मुहम्मद युनुस यांच्या आत्मकथनातली सुफिया बेगम आता जगप्रसिद्ध आहे. चितगावच्या विद्यापीठाशेजारचे जोब्रा गाव, 1976 साल. बांबूची मोढी विणणारी सुफिया कच्च्या मालासाठी व्यापाऱ्याकडून पैसे घेते आणि मोढा त्यालाच, तो देईल त्या भावात विकते. अशा 42 माणसांना मिळून हवे होते फक्त 856 टका. विक्रम आकुला यांच्या ‘अ फिस्टफुल ऑफ राइस’मध्ये लेखकाने लहानपणी आंध्रात पाहिलेली, सांडलेले तांदूळ दाणा दाणा वेचणारी बाई आहे. सी. के. प्रल्हाद यांच्या 2004 सालच्या ‘द फॉर्च्युन अ‍ॅट द बॉटम ऑफ द पिरॅमिड’मध्ये अशी एकच एक बाई नाही. गरिबांना बळी समजणे सोडा, त्यांना उद्योजक आणि चोखंदळ ग्राहक समजा, असे ते सुरुवातीलाच बजावतात. तरीही त्यांच्या उदाहरणांतून बायका येतातच: मीठ विकत घेणाऱ्या, साबण विकणाऱ्या.

माझी तक्रार या बायकांबद्दल नाही, त्या पुढे कुठे जातात याबद्दल आहे. उंबरठ्यावर त्या दिसतात, आतल्या दालनात आकडे बसलेले असतात. तांदूळ वेचणारी बाई लेखकाला हलवते आणि लेखक कामाला लागतो. म्हणजे गोष्ट लेखकाच्या सदसद्विवेकाची असते, बाई निमित्तमात्र. आपल्याकडे दिवाळी अंकांत ‘यशोगाथा’ नावाचा जो प्रकार बोकाळला आहे, त्याचीही घडण हीच. (याच अंकात एखादी असेल, तर संपादकांनी राग मानू नये.)

आकुलांच्या पुस्तकाचे उपशीर्षक नफ्यातून दारिद्र्य संपवण्याची भाषा करते. काळाने या पुस्तकाची क्रूर थट्टा केली. त्यांनी उभ्या केलेल्या एसकेएस मायक्रोफायनान्सचे समभाग 2010च्या ऑगस्टमध्ये बाजारात आले. किंमत 985 रुपये, मागणी उपलब्ध समभागांच्या तेरापटीहून अधिक, उभे राहिले सोळाशे कोटींच्या वर. दोन-अडीच महिन्यांत, 15 ऑक्टोबरला, आंध्र सरकारने वटहुकूम काढून या कंपन्यांच्या वसुलीवर लगाम घातला. आठवड्याचा हप्ता महिन्यावर नेला आणि वसुली दारात नव्हे, पंचायतीच्या कचेरीपाशी करायला सांगितली. गावोगावच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी तेव्हा वर्तमानपत्रे भरली होती. त्याच मोसमात पुस्तक दुकानांत आले.

नफेखोरीवर बोट ठेवून मोकळे होणे सोपे आहे. मला ते अपुरे वाटते. भांडवल आल्याशिवाय लाखो बायांपर्यंत कर्ज पोहोचणार नाही, हा आकुलांचा मुद्दा खोटा नव्हता. सावकाराचा पर्याय किती जीवघेणा असतो, हे इचलकरंजीत वाढलेल्याला सांगावे लागत नाही. कर्जदार बायांसाठी न्यास काढून त्यांना भागधारक करण्याची तजवीजही एसकेएसमध्ये होती. पण न्यासाच्या नावावर समभाग असणे वेगळे आणि सभेत बाईने हात वर करणे वेगळे. समभाग घेतलेल्या माणसाला वटहुकुमाची बातमी वाचून त्याच सकाळी ते विकता येत होते. बाजाराच्या भाषेत याला ‘एक्झिट’ म्हणतात. कोणत्याही नव्या धंद्यात पैसे घालताना ती आधी ठरवली जाते. सतरंजीवरच्या बाईला दुसरीचा हप्ता भरल्याशिवाय उठता येत नव्हते. एकाच व्यवहाराच्या दोन टोकांना बसलेल्या माणसांत हा फरक आहे आणि या पुस्तकांत त्यावर जवळजवळ काहीच नाही.

युनुस यांना तो फरक जाणवला होता, असे मला वाटते. ‘क्रिएटिंग अ वर्ल्ड विदाउट पॉव्हर्टी’ या 2007 सालच्या पुस्तकात ते ‘सोशल बिझनेस’चा आराखडा मांडतात. गुंतवणूकदाराने मुद्दल परत घ्यावे, लाभांश घेऊ नये. त्यांनी डानोन या फ्रेंच कंपनीबरोबर बोग्रा येथे दह्याचा कारखाना काढला, कुपोषित मुलांसाठी. दह्याचे नाव ‘शोक्ति दोई’, म्हणजे शक्ती दही. हिंदुस्थान लिव्हरने खेड्यांतल्या बायांकडून साबण विकून घेण्यासाठी काढलेल्या योजनेचे नावही ‘शक्ती’च, ती प्रल्हाद यांची लाडकी. दोन्हीकडे शक्ती विकली जाते, विकत घेणारीला ती मिळते की नाही हा भाग निराळा. 2008 साली दूध महागले, पाच टक्यांचा पेला आठ टक्यांवर गेला आणि खेड्यांतली विक्री कोसळली. मग पेला लहान करून सहा टक्यांना विकावा लागला. तीन टक्यांवर कोसळणारे गिऱ्हाईक प्रल्हाद यांच्या चोखंदळ ग्राहकाच्या चित्रात बसत नाही. आणि तरीही हा प्रसंग मला या सगळ्या वाङ्मयात सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण इथे तोटा झाला तेव्हा पैसेवालाही सतरंजीवर बसून राहिला.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या वस्त्यांत केलेला अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. छोट्या कर्जांनी काही धंदे वाढले. शिक्षण, आरोग्य, बाईचे घरातले स्थान यांत ठळक फरक दिसला नाही. सुफिया बेगमवर उभ्या राहिलेल्या वाङ्मयाला हा निष्कर्ष फार कोरडा आहे. मला तो दिलासा देतो. कर्ज हे कर्ज असते, इतकेच तो म्हणतो.

साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांनी काही बायांना घेऊन 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू केली. प्रवर्तक बाया निरक्षर आहेत, म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला होता. बाया साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, तुमच्याआधी आम्ही सांगतो. ही गोष्टही आता यशोगाथाच झाली आहे, तेव्हा तिच्याकडेही संशयाने पाहायला हवे. हप्ते तिथेही थकत असणार, वसुली तिथेही होत असणार. फरक असेल तर भागधारकांच्या वार्षिक सभेत दिसेल. तिथे कोण बोलते, कोण गप्प बसते, कोण मध्येच उठून जाते, हे मला मागच्या रांगेत बसून पाहायचे आहे. या निबंधाचा उरलेला भाग त्यानंतर लिहीन.