पडदा-भिंत की मुलामा? अहिल्यानगर जिल्ह्यातील इमारतींच्या दर्शनी भागाची समीक्षा

गेल्या दोन दशकांत अहिल्यानगर जिल्ह्यातील व्यापारी संकुले, रुग्णालये, पतसंस्था आणि काही महाविद्यालये यांच्या दर्शनी भागांवर निळसर काच व ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल यांचे आवरण चढत गेले आहे. त्याला सर्रास ‘कर्टन वॉल’ म्हटले जाते. वास्तुशास्त्रीय अर्थाने ती बहुधा पडदा-भिंत नसतेच. पडदा-भिंत इमारतीचा भार वाहत नाही, सांगाड्यापुढे टांगलेली असते. मात्र ऊन, वारा व पाऊस अडविण्याचे काम तिलाच करावे लागते. येथे दिसणारा प्रकार निराळा आहे. आर.सी.सी.चा सांगाडा, त्यात विटांची भिंत, भिंतीत खिडक्या आणि या सर्वांवर ठोकलेली चौकट. भिंतीचे काम भिंतच करते. आवरण नूर सांभाळते आणि खिडकी त्याच्या आड जाते.

असे आवरण ‘खोटे’ म्हणून निकालात काढणे सोपे आहे. परंतु साहित्य उघडे दिसावे हा निकष नगरच्याच वास्तूंपुढे टिकत नाही. १५८३ मध्ये निजामशाहीत पूर्ण झालेला फराहबागचा अष्टकोनी महाल दगडी बांधणीवर चुन्याचा गिलावा देऊन मढविलेला आहे. म्हणजे तेथेही आवरणच आहे. पण ते काम करते. फिकट गिलावा ऊन परतवितो आणि भिंतीतील ओल बाहेर पडू देतो. उंच, खोल कमानींमुळे ऊन आतील भिंतीवर पोहोचण्यापूर्वीच सावली पडते. भोवती पाण्याचा हौद होता. हा महाल पूर्णत्वास नेणाऱ्या सलाबतखानाचीच कबर शहा डोंगरावर आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. ती तीन मजली दगडी वास्तू आहे आणि तिच्याभोवती कमानींची रुंद फेरी आहे. साहित्याचे रूप वेगळे, तत्त्व एकच : बाह्यावरणाला खोली हवी.

काचेचा मोह केवळ जिल्ह्याच्या ठिकाणचा नाही. ल कॉर्बुझिए याने पॅरिसमधील ‘सिते द रफ्यूज’ या १९३३ च्या इमारतीची दक्षिणाभिमुख बाजू संपूर्ण बंद काचेची केली. शीतकरणाची योजना खर्चापायी गाळली गेली आणि उन्हाळ्यात खोल्या तापल्या. पुढे तेथे उघडणाऱ्या खिडक्या व सूर्यरोधक पट्ट्या बसवाव्या लागल्या. हा धडा घेतलेल्या कॉर्बुझिएनेच १९५४ मध्ये अहमदाबादेत गिरणीमालक संघाच्या इमारतीला काँक्रीटच्या खोल, तिरक्या पट्ट्या दिल्या. आपल्याकडे अनुकरण झाले ते पहिल्या कॉर्बुझिएचे, दुसऱ्याचे नव्हे. पॅरिसला उन्हाळा पाहुण्यासारखा येतो. पर्जन्यछायेतील नगरला तो मुक्कामाला असतो.

आगीचा प्रश्न याहून गंभीर आहे. स्वस्त पॅनेलमध्ये ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिएथिलीनचा, म्हणजे ज्वलनशील प्लास्टिकचा थर असतो. पॅनेल आणि भिंत यांमधील पोकळी आग लागल्यास धुराड्यासारखी वागते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी ७२ जणांचा बळी गेला, तेव्हा आग बाहेरच्या अंगाने वर चढली होती. आणि तेथेही आवरण जुन्या इमारतीवर नंतर चढविलेले होते. बंद काचेच्या इमारतीत धूर कोंडतो, हेही विसरता येत नाही.

ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. दर्शनी भागातील काचेचे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत ठेवण्याची अट तिने घातली. परंतु १०० किलोवॅटहून कमी जोडभाराच्या इमारती तिच्या कक्षेबाहेर राहिल्या. तालुक्याच्या गावातील संकुले आणि महाविद्यालये बहुतांशी याच वर्गात मोडतात. त्यामुळे निर्णय उरतो तो संस्थेच्या बांधकाम समितीकडे. नॅक समितीची भेट जवळ आली की जुन्या इमारतीला पॅनेल चढविण्याचा प्रस्ताव हमखास येतो. वर्गखोल्यांत मग भर दुपारी दिवे लावावे लागतात, हा खर्च त्या प्रस्तावात धरलेला नसतो. समितीपुढे मांडले जाते ते रंगीत दर्शनी चित्र. खिडकीतून वारा कोठून येणार आणि पॅनेलच्या आत कोणता थर आहे, हे दाखविणारा उभा छेद त्या कागदांत क्वचितच असतो.