एका मेक्सिकन बोलपटाचे दोन शेवट

एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींत शेवटचें पान निराळें निघालें, तर कोणता पाठ ग्राह्य धरावा, हा प्रश्न पोथ्यांच्या संग्राहकांस नवा नाहीं. बोलपटासारख्या अर्वाचीन साधनांतही तो उपस्थित होतो. फेर्नांदो दे फुएन्तेस याचा ‘चला, पांचो वियाबरोबर’ या अर्थाच्या नांवाचा मेक्सिकन बोलपट ३१ डिसेंबर १९३६ रोजीं प्रदर्शित झाला. त्याचा एक शेवट त्या वेळीं लोकांनीं पाहिला. वगळलेला दुसरा शेवट पुष्कळ वर्षांनीं उजेडांत आला.

फेब्रुवारी १९१३ मध्यें अध्यक्ष मादेरो याचा वध होऊन सेनापति उएर्ता यानें सत्ता बळकावली. त्याच्याविरुद्ध उत्तरेंत उठलेल्या वियाच्या फौजेंत सामील झालेल्या सहा गांवकऱ्यांची ही कथा आहे. तिचा आधार राफाएल मुन्योस याची १९३१ ची कादंबरी असून, त्या सहांपैकीं एकाची भूमिका खुद्द मुन्योस यानेंच केली आहे. चित्रणासाठीं कार्देनास सरकारनें सैनिक, शस्त्रें व आगगाडी पुरविली. सरकारी साहाय्यानें निघालेली ही कृति सरकारी बखर मात्र झालेली नाहीं, हें तिचें पहिलें वैशिष्ट्य होय.

सहांपैकीं पांच जण एकामागून एक मरतात. मेजावर तेरा जण बसले हा अपशकुन मानून दिवे मालवतात व भरलेलें पिस्तूल वर फेंकतात. गोळी लागलेला गडी भित्रा ठरूं नये म्हणून स्वतःच प्राण देतो. पुढें तरुण बेसेरियो यास देवी येतात व त्यास जाळण्याची आज्ञा होते. वडीलधारा तिबुर्सिओ त्यास स्वतः गोळी घालून मग अग्नि देतो. रोगाची वार्ता ऐकून विया त्यास दूरच उभें करतो व मागें ठेवून निघून जातो. तिबुर्सिओ रुळांवरून अंधारांत चालूं लागतो. येथें प्रदर्शित पाठ संपतो.

वगळलेल्या पाठांत विया पुढें तिबुर्सिओच्या शेतावर येतो. बायकामुलांचा पाश सांगतांच तो पत्नी व कन्या यांस ठार मारतो. तिबुर्सिओ त्याच्यावर शस्त्र उगारतो, तोंच वियाचा साथीदार त्यास मारतो, आणि मुलगा वियाबरोबर जातो. कादंबरींत मात्र या हत्येनंतरही तिबुर्सिओ वियाचा अनुयायीच राहतो. म्हणजे वगळलेला पाठ मूळ ग्रंथास जवळचा असला, तरी त्याची नक्कल नव्हे. त्यांत निष्ठेस मर्यादा घातली आहे.

कलादृष्ट्या प्रदर्शित शेवट आम्हांस सरस वाटतो. आरंभीं लोकांस मका वांटणारा विया शेवटीं एका रोगाच्या भयानें आपल्याच माणसापासून मागें सरतो. या विरोधास रक्तपाताची जोड लागत नाहीं. परंतु तेवढ्यावरून दुसरा पाठ त्याज्य ठरवितां येत नाहीं. पहिल्यांत विया दुर्बळ मनुष्य दिसतो, दुसऱ्यांत क्रूर. आणि क्रांतीचे कर्ते कसे दाखवावे याविषयीं त्या काळीं कोणता संकोच होता, हें दोन्ही ताडून पाहिल्यावांचून कळत नाहीं.

म्हणून प्रदर्शित शेवट मुख्य पाठ मानावा व वगळलेला शेवट पाठभेद म्हणून त्याच्या खालीं जतन करावा, असा आमचा अभिप्राय आहे. दोहोंची सरमिसळ करून तिसरा पाठ मात्र कोणीं बनवूं नये.