डेटाबेसची उभारणी : तयार पॅकेज की सोर्स कोड? – एक चिकित्सा

महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी वा कार्यालयासाठी पोस्टग्रेस-क्यूएल ही मुक्त डेटाबेस प्रणाली उभारण्याचे दोन मार्ग आहेत : लिनक्स वितरणाचे तयार पॅकेज घेणे, किंवा सोर्स कोड आणून कंपाइल करणे. प्रणालीच्या अधिकृत दस्तऐवजात पॅकेजची शिफारस असून दुसरा मार्ग प्रणाली वा तिचे विस्तार विकसित करणाऱ्यांपुरता सांगितला आहे. शिफारस योग्य आहे; तथापि तिची कारणमीमांसा तेथे आढळत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या दृष्टीने ती करणे अगत्याचे आहे.

सोर्स कोडच्या समर्थनार्थ निवडीच्या स्वातंत्र्याचा युक्तिवाद केला जातो. मराठीपुरता तो पोकळ नाही. वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडमध्ये मात्र तो ‘ल’च्या लगत आहे. ‘ज्ञानेश्वरी’ ही नोंद ‘ज’खाली लागावी की सूचीच्या शेवटी, हे क्रमवारीच्या नियमांवर ठरते. असे नियम पुरविणाऱ्या आयसीयू लायब्ररीची जोड आवृत्ती १० (२०१७) पासून मिळाली. परंतु आवृत्ती १५ पर्यंत कंपाइल करताना तो पर्याय आठवणीने निवडावा लागे. विसरल्यास प्रणाली विनातक्रार चालू होई. म्हणजेच स्वातंत्र्याबरोबर विस्मरणाची जोखीमही येते.

पॅकेज घेतले की जबाबदारी संपते, हा समजही तितकाच भ्रामक आहे. २०१८ मध्ये जीलिबसी या लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीने क्रमवारीचे नियम बदलले. त्यामुळे जुन्या क्रमाने बांधलेल्या इंडेक्समधून असलेली नोंदही न सापडण्याचा धोका उद्भवला. इंडेक्स नव्याने बांधणे हाच उपाय होता. जीलिबसी कार्यप्रणालीचाच भाग असल्याने हा धोका दोन्ही मार्गांना सारखाच होता.

तेव्हा खरा भेद उभारणीचा नसून देखभालीचा आहे. सुधारित उपआवृत्त्या साधारणतः दर तीन महिन्यांनी येतात आणि प्रत्येक प्रमुख आवृत्तीला पाच वर्षे आधार मिळतो. पॅकेजमध्ये या सुधारणा कार्यप्रणालीच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणातून येतात. कंपाइल केलेल्या प्रणालीची मात्र दरवेळी पुन्हा बांधणी करावी लागते. ती करणारी जाणकार व्यक्ती बदलून गेली की सुधारणा थांबतात आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी असुरक्षित राहतात.

सारांश, शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थेच्या प्रयोगशाळेत कंपाइल करणे हा उत्तम पाठ ठरेल. परंतु स्वतंत्र संगणक-प्रशासक नसलेल्या महाविद्यालयाने नोंदींच्या सर्व्हरवर पॅकेजच वापरावे, आणि कार्यप्रणाली बदलताना इंडेक्स पुन्हा बांधण्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच लेखी ठरवावे.