बेणारेचा होकार, मसामायचा नकार

अलीकडे चर्चासत्रांतून आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून एक विधान वारंवार ऐकू येते. स्त्री-पुरुषसंबंधांकडे पाहण्याची समाजाची दृष्टी बदलली. लग्नाशिवाय एकत्र राहणे, लग्नाशिवाय मूल वाढवणे पूर्वीइतके निषिद्ध उरले नाही. शिक्षणाने आणि नोकरीने स्त्री मोकळी झाली. या विधानातला 'समाज' कोणता, हा माझा प्रश्न आहे. गावकुसाच्या आतला की बाहेरचा? बँकेत खाते असलेला की सावकाराच्या वहीत नाव असलेला? बदल झाला हे मी नाकारीत नाही. तो कोणाच्या दारापर्यंत आला आणि कोणाच्या दारावरून पुढे गेला, एवढेच मला तपासायचे आहे. त्यासाठी मी दोन मराठी पुस्तके शेजारी ठेवते. एक विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' आणि दुसरे शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी'.

'शांतता!' १९६७ साली रंगभूमीवर आले. लीला बेणारे ही शिक्षिका. कमावती, अविवाहित, हसरी, कोणाचे मिंधेपण न मानणारी. हौशी मंडळींनी वेळ घालवण्यासाठी मांडलेल्या लुटुपुटुच्या खटल्यात तिला आरोपी करतात, आणि खेळता खेळता तो खटला खरा होतो. तिच्या पोटात प्राध्यापक दामल्यांचे मूल आहे. दामले मात्र हजर नाहीत. त्यांची खुर्ची रिकामी आहे. त्या रिकाम्या खुर्चीला कोणी प्रश्न विचारीत नाही. नाटकातले सर्वांत बोलके पात्र मला तीच वाटते.

या नाटकावर पुष्कळ लिहिले गेले. मध्यमवर्गाचा दांभिकपणा, पुरुषी क्रौर्य, व्यक्तीचा कोंडमारा या अंगांनी त्याची चर्चा झाली आणि ती रास्तच होती. परंतु दोन गोष्टींकडे आपल्या दृष्टीने पुन्हा पाहिले पाहिजे. पहिली अशी की बेणारेचा खरा गुन्हा गर्भ नव्हे, पगार आहे. सौ. काशीकरांचा सारा राग तिथेच आहे : लग्न न करताच बायांना सगळे मिळू लागले, म्हणून हे असे होते. शिकलेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई या वर्गाला आधीच खुपत असते. गर्भ हे निमित्त होते. म्हणून शिक्षा काय, तर नोकरी जाते आणि पोटातले मूल नष्ट करण्याचा निकाल दिला जातो. दुसरी गोष्ट अशी की बेणारेला ते मूल हवे आहे आणि त्याला बापाचे नाव हवे आहे. त्यासाठी ती ज्यांच्याविषयी तिला काडीचा आदर नाही अशांनाही लग्नाचे विचारते. म्हणजे जी बाई इतक्या मोकळेपणाने जगली, तिलाही मुलाच्या नावापुढच्या त्या एका रिकाम्या जागेने गुडघ्यावर आणले.

तरीही बेणारेजवळ एक गोष्ट होती. तिने दामल्यांवर प्रेम केले होते. तिने 'हो' म्हटले होते. तो होकार तिच्यावर उलटला, पण तो तिचा स्वतःचा होता.

आता मसामायकडे येऊ. 'अक्करमाशी' १९८४ साली प्रसिद्ध झाले. बारा माशांचा तोळा. बारा भरले तर सोने अस्सल. अकराच भरले तर हिणकस. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला हे नाव देणाऱ्या समाजाने माणसालाही सोनाराच्या काट्यावर ठेवले. अक्कलकोट तालुक्यातल्या या कहाणीत मसामाय ही महाराची लग्नाची बाई आहे. जमीनदार पाटलाच्या नजरेत ती भरते, तिचा संसार मोडतो, आधीची मुले मागे राहतात. पाटील तिला ठेवतो, मूल होते, आणि तो हात झटकून मोकळा होतो. पुढे दुसरा पाटील, आणखी मुले. शरण शाळेत जातो तेव्हा पटावर बापाचे नाव काय लावायचे, हा पेच उभा राहतो. बाप वरच्या जातीचा, आई महार, आणि आजीच्या सोबतीने राहून नातवाला जीव लावणारा दादा मुसलमान. सवलतीसाठी जात सांगावी तर जात कोणती? लग्न करावे तर अक्करमाशाला मुलगी कोण देणार?

बेणारेची आणि मसामायची तुलना करून मला एकीचे दुःख मोठे आणि दुसरीचे लहान ठरवायचे नाही. दुःखाची अशी वाटणी करणे हा समीक्षेचा धंदा नव्हे. पण दोघींच्या स्थितीतला भेद डोळ्याआड केला तर 'बदलती दृष्टी' हा शब्दप्रयोग फसवा ठरतो. बेणारेला होकाराचा अधिकार नाकारला गेला. मसामायला नकाराचाच अधिकार नव्हता. जिथे धान्य पाटलाचे, शेत पाटलाचे, रात्रीची भाकर पाटलाच्या मर्जीची, तिथे 'संमती' या शब्दाला काय अर्थ उरतो? पांढरपेशा साहित्यात ज्याला मुक्त संबंध म्हणतात, पूर्वी ज्याला पतन म्हणत, त्याच संबंधाला वाड्यावर 'ठेवणे' म्हणत. कृती एकच. बाईचा वर्ग आणि जात पाहून समाजाने तिला तीन नावे दिली.

इथे मला 'अक्करमाशी'विषयीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपले पुस्तक आहे म्हणून त्याला हात जोडून बाजूला ठेवणे हा त्याचा सन्मान नव्हे. हे मुलाचे पुस्तक आहे, आईचे नाही. आईने त्या संबंधाला मान का तुकवली, आपल्याला पोटात का वाढवले, असा जळजळीत सवाल लेखक करतो. तो सवाल प्रामाणिक आहे. अपमानाने पोळलेला मुलगा पहिला प्रश्न जवळच्या माणसालाच विचारतो. परंतु त्या सवालात एक गृहीत आहे : आईला निवडीची मुभा होती. पुस्तकातलाच सारा पुरावा त्या गृहीताच्या विरुद्ध जातो. भुकेची वर्णने, वाड्याची दहशत, बायांची लाचारी वाचल्यावर वाचकाला कळते की हा प्रश्न मसामायला विचारण्याचा नाही. म्हणजे इथे पुस्तक लेखकाच्या पुढे गेले आहे. आत्मकथनाचे हे मोठेपण आहे, आणि समीक्षेने ते दाखवायला हवे होते. आपण मात्र मुलाच्या वेदनेचा गौरव केला आणि मसामायला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तशीच उभी ठेवली. तिची जबानी कोणी घेतली नाही.

कायद्याने ती उशिरा का होईना, घेतली असे म्हणता येईल. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात एक कलम असे आले की, दलित-आदिवासी स्त्रीच्या इच्छेवर हुकमत चालवण्याच्या स्थितीत असलेल्या पुरुषाने त्या स्थितीचा वापर करून, एरवी जे तिने मान्य केले नसते अशा लैंगिक शोषणाला तिला भाग पाडले, तर तो गुन्हा होय. कायद्याच्या कोरड्या भाषेत लिहिलेली ही मसामायचीच कहाणी आहे. २०१५च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले : स्त्रीने शरीराने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असे धरता येणार नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आंतरजातीय विवाहातील मुलाची जात बापाचीच, हे गृहीत अंतिम नाही; अनुसूचित जाती-जमातीच्या आईने त्याला वाढवले आणि तिच्या समाजाचे भोग त्याच्या वाट्याला आले, हे तो पुराव्याने दाखवू शकतो. २०१५ साली त्याच न्यायालयाने अविवाहित आईला बापाचे नाव उघड न करता मुलाचे पालकत्व मागता येईल, असा निर्णय दिला. १९७१च्या गर्भपाताच्या कायद्यात संततिनियमनाचे साधन फसल्याचे कारण फक्त विवाहितेलाच सांगता येत होते. २०२१ साली तिथे कोणतीही स्त्री आणि तिचा जोडीदार असे शब्द आले. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव बापाच्या नावाआधी लावण्याचे ठरवले.

या घटना लहान नाहीत. बेणारे आज असती तर तिच्या हाती काही हत्यारे असती. पण ही हत्यारे उचलायला काय लागते? २०१५च्या निकालातली अर्जदार सुशिक्षित होती, कमावती होती, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याचे बळ तिच्यात होते. ऊसतोडीच्या फडावरची मुलगी कुठवर जाईल? ती तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचली तरी खूप. शहरातल्या कमावत्या बाईने एकटीने मूल वाढवले तर पुरवणीत तिचा फोटो येतो. वस्तीतल्या बाईने तेच केले तर शाळेतला कारकून मान वर न करता बापाचे नाव विचारतो. एक धाडस ठरते, दुसरी चालचलणुकीचा नमुना ठरते.

एवढे बोलून थांबलो तर ते सोयीचे होईल. दोष दुसऱ्याच्या घरात दाखवून आपण सुटू. म्हणून आता आपल्या घराकडे वळले पाहिजे.

ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) एक प्रसंग आहे. वस्तीतल्या एका विधवेला दिवस जातात आणि समाजाच्या इभ्रतीसाठी तिला लाथा घालून तिचा गर्भ पाडला जातो. हे वाड्यावरच्या पाटलाने केलेले नाही; आपल्याच माणसांनी केले. शांताबाई कांबळे यांनी 'माज्या जल्माची चित्तरकथा'मध्ये सांगितले की, शिकून शिक्षिका झालेल्या बाईच्याही घरात नवरा दुसरी बायको आणू शकतो. बेणारेही शिक्षिका आणि शांताबाईही शिक्षिका. शिक्षणाने दोघींना भाकर दिली; घरातले आसन दिले नाही.

जून १९३६ मध्ये बाबासाहेब मुंबईत वेश्याव्यवसायातल्या आणि देवाला सोडलेल्या आपल्या भगिनींपुढे बोलले. ते जिणे सोडा, मानाने संसार करा, असे त्यांनी परखडपणे सांगितले. आजचे काही अभ्यासक त्यात मध्यमवर्गीय नीती शोधतात. मला ते पटत नाही. ज्या समाजाच्या लेकी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या उपभोगाची वस्तू मानल्या गेल्या, त्या समाजात 'मी कोणाची ठेवलेली नाही' असे म्हणणे हा विद्रोह होता. संसाराचा आग्रह हा तिथे वाड्याला दिलेला नकार होता. परंतु त्या नकाराचे आपल्यातल्या शिकलेल्या पुरुषाने काय केले? पगार आला, सदनिका आली, आणि दुसऱ्यांच्या घरातले शील आपल्या घरात पाहुणे म्हणून आले व मालक होऊन बसले. शोषकाला रोखण्यासाठी घेतलेली काठी आपल्याच लेकीच्या पाठीवर पडू लागली.

मी एका महाविद्यालयात शिकवते. काही वर्षांपूर्वी वसतिगृहातल्या एका मुलीला दिवस गेले. मुलगा आमच्याच चळवळीतला, सभांतून बोलणारा. बैठक झाली. चळवळीची बदनामी नको, यावर सर्वांचे एकमत झाले. मुलीचे नाव पटावरून गेले. मुलाने परीक्षा दिली. त्या बैठकीतही एक खुर्ची रिकामी होती, आणि तिलाही कोणी प्रश्न विचारला नाही. दामले केवळ दादर-पुण्यात राहतात, हा भ्रम आपण सोडला पाहिजे.

आपल्याकडे याचे उत्तर नव्हते काय? होते, आणि ते फार जुने आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ज्या जातीने त्यांना हीन लेखले, त्याच जातीतल्या फसवल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांनी आपले दार उघडले. बाईला जाब विचारला नाही; बाळाला बाप विचारला नाही. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, शिकवला, डॉक्टर केला. अक्करमाशाला बारा माशांचे मोल कसे द्यायचे, हे त्या घराने त्या काळी करून दाखवले. जयंतीला फोटोला हार घालणाऱ्या आपल्या संस्थांपैकी किती संस्थांच्या वसतिगृहात आज अशा मुलीला खाट मिळेल?

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. नव्या मोकळेपणाला आपण घाबरू नये आणि भुलूही नये. होकाराचे स्वातंत्र्य खरे तेव्हाच, जेव्हा नकार देऊन बाई उपाशी मरणार नाही. नकाराचा हक्क भाकरीतून, शिक्षणातून, कायद्यातून आणि संघटनेतून येतो. तो आधी मिळवला पाहिजे. पण तो मिळाल्यावर होकाराचा हक्क आपल्याच बाईला नाकारायचा, हे आंबेडकरी विचारात बसत नाही. समता पुरुषापाशी येऊन थांबत नाही.

लेखकांकडे माझे एक मागणे आहे. मुलाने लिहिलेली मसामाय आम्ही वाचली. आता तिची लेक, तिची नात काय म्हणते ते येऊ द्या. तिने कोणाला नकार दिला तेही लिहा आणि कोणावर जीव जडवला तेही लिहा, लाज न बाळगता. शिक्षकांकडेही एक मागणे आहे. दोन्ही पुस्तके एकाच वर्गात, एकापाठोपाठ शिकवा. आणि कार्यकर्त्यांना एवढेच सांगायचे आहे की, उद्या एखादी मुलगी पोटात मूल घेऊन तुमच्या कार्यालयाच्या पायरीवर आली, तर बैठक बोलावण्याआधी तिला आत घ्या. तिचे नाव पटावर राहील याची आधी व्यवस्था करा. बाकीची चर्चा मागाहून, आणि तिच्यासमोर.